खेड्यातील वर्गात अणूची प्रारूपे आणि ऊर्जापातळ्या कशा शिकवाव्यात

आठवीच्या सामान्य विज्ञानात डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड आणि बोर ही चार नावे ओळीने येतात. मुले ती ओळीने पाठ करतात, चारही आकृत्या वहीत नीट काढतात आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. मात्र ‘इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या ठरावीकच असतात हे बोरला कशावरून कळले?’ असे विचारले की वर्ग शांत होतो. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत विज्ञान शिकवताना मी ही शांतता अनेक वर्षे अनुभवली आणि शेवटी धड्याचा क्रमच बदलला. मुलांना आधी प्रकाशाची रेषा डोळ्यांनी पाहू द्यावी आणि त्यानंतरच प्रारूपांकडे वळावे, असे आता माझे ठाम मत झाले आहे. रेषा पाहिलेल्या मुलाला बोरचे प्रारूप आपल्याच प्रश्नाचे उत्तर वाटते. न पाहिलेल्या मुलासाठी ती आणखी एक आकृती ठरते.

या पद्धतीला दोन संध्याकाळी आणि साधारण चार तासिका लागतात. फेब्रुवारी महिना त्यासाठी सोयीचा आहे, कारण तूर निघालेली असल्यामुळे गावात कुटार (तुरीचा भुसा) सहज मिळते, बाजारात टरबुजे येऊ लागतात, हवा अजून सुसह्य असते आणि 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनामुळे संध्याकाळी शाळा उघडी ठेवायला पालकही सहज संमती देतात. भारनियमनाची संध्याकाळ मिळाली तर तीच निवडावी, कारण या प्रयोगांना सर्वांत जास्त गरज काळोखाची असते.

पहिली संध्याकाळ: ज्योत

प्रयोगशाळेतील स्पिरिटचा दिवा, कडुनिंबाच्या सालकाढ्या बारीक काड्या, खायचे मीठ आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) एवढे साहित्य पुरे. मोरचूद कोठून आणावे हा प्रश्न आपल्याकडे पडत नाही, कारण ज्यांच्याकडे संत्र्याचा बगीचा आहे त्यांच्याकडे बोर्डो पेस्टसाठी ते ठेवलेलेच असते. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी हे प्रमाण वर्गातील निम्म्या मुलांना तोंडपाठ असते. आपल्याला चमचाभर मोरचूद पुरते. मात्र ते विषारी आहे, म्हणून शालेय पोषण आहाराच्या भांड्यांना त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, द्रावण काचेच्या जुन्या बाटलीत करावे, बाटलीवर नाव लिहावे आणि प्रयोगानंतर प्रत्येकाने साबणाने हात धुतले की नाही हे स्वतः पाहावे.

काड्या आदल्या रात्री भिजत घालाव्यात: काही मिठाच्या दाट द्रावणात, काही मोरचुदाच्या द्रावणात आणि काही नुसत्या पाण्यात. संध्याकाळी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, दिवा पेटवावा आणि काडीचे ओले टोक ज्योतीच्या कडेला धरावे. मिठाच्या काडीने ज्योत गडद पिवळी होते, तर मोरचुदाच्या काडीने हिरवी. काडी सुकून जळू लागली की तिची स्वतःची पिवळसर ज्योत मध्ये येते, म्हणून प्रत्येक काडी चार-पाच सेकंदच धरावी आणि लगेच पाण्यात बुडवावी. दिव्याजवळ एका वेळी एकच मूल असावे आणि स्पिरिटची बाटली खोलीबाहेर ठेवावी.

येथे एक अडचण हमखास येते. आमच्या पहिल्या प्रयत्नात साध्या पाण्यातील काडीनेही ज्योत पिवळी केली आणि मुलांना वाटले, प्रयोग फसला. कारण शोधल्यावर लक्षात आले की काड्या ठेवताना मुलांनी त्यांची टोके घामेजल्या बोटांनी धरली होती आणि घामातील मिठाचा अंशसुद्धा ज्योतीला पिवळी करायला पुरला होता. तेव्हापासून मी हा ‘फसलेला’ प्रयोग मुद्दाम करून दाखवतो. स्वच्छ धुतलेली काडी बोटांत चोळावी, पुन्हा धुवून भिजवावी आणि दोन्ही वेळच्या ज्योतींची तुलना करावी. मिठातील सोडियम किती थोडे असले तरी आपला रंग सोडत नाही, ही गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसते, आणि पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया तीच आहे.

दुसरी संध्याकाळ: रेषा

रंग दिसला तरी त्यात नेमके काय दडले आहे हे डोळ्याला कळत नाही. त्यासाठी लग्नाच्या चित्रीकरणाची जुनी, निकामी झालेली सीडी कामी येते. तिच्यावरील सर्पिल चाकोरीचे वेढे एकमेकांपासून 1.6 मायक्रोमीटर अंतरावर, म्हणजे मिलिमीटरला सुमारे 625 असतात, आणि त्यामुळे ती प्रकाशाची फोड करते.

बुटांचा खोका घ्यावा आणि त्याला आतून काळा कागद चिकटवावा. एका लहान बाजूला आडवी फट कापून तिच्यावर दाढीच्या पात्याचे दोन तुकडे धारा समोरासमोर येतील असे चिकटवावेत, मधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी असावी. पात्याचे काम शिक्षकांनीच करावे. समोरच्या टोकाला सीडी चकचकीत बाजू फटीकडे करून तिरपी बसवावी आणि तिच्या बरोबर वर झाकणात डोळ्यासाठी भोक पाडावे. सीडीचा कोन पहिल्याच खेपेला जमत नाही. भोकातून पाहत ती पुढेमागे झुकवावी आणि रंग स्वच्छ दिसले की चिकटपट्टीने पक्की करावी. या पेटीतून कोणीही, कोणत्याही कारणाने सूर्याकडे पाहू नये, हे पेटीवरच लिहून ठेवावे.

आता एकेक प्रकाश पाहावा. तेलाच्या दिव्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसतो, कारण तेथे काजळीचे तापलेले घन कण प्रकाश देत असतात. सीएफएलच्या जुन्या दिव्यात मात्र पट्टा तुटतो आणि सुट्या रेषा दिसतात. त्यांतली 546 नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी आणि 436 नॅनोमीटरची निळी-जांभळी या पाऱ्याच्या वाफेच्या आहेत. आणि मिठाच्या काडीची ज्योत फटीसमोर धरली की काळोखात एकच पिवळी रेषा उमटते, साधारण 589 नॅनोमीटरची. ती दिसली की भोकाला डोळा लावलेले मूल पेटी दुसऱ्याला द्यायला तयार होत नाही, म्हणून शक्य झाल्यास दोन-तीन पेट्या कराव्यात. मोरचुदाच्या ज्योतीत इतकी रेखीव रेषा मिळत नाही; तेथे तांब्याची संयुगेही प्रकाश देत असल्यामुळे हिरवे पट्टे दिसतात. हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर मुले न दिसलेल्या रेषेचे चित्र काढतात.

याच ठिकाणी 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची हकिगत सांगावी. ते ग्रहण आपल्या देशातून दिसले होते. फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते आणि त्या वर्षीच्या सौर वर्णपटांच्या निरीक्षणांतून एक अशी पिवळी रेषा हाती आली, की ती सोडियमच्या रेषेच्या जवळ असूनही सोडियमची नव्हती. त्या रेषेच्या मालकाला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू रॅम्झे यांना सापडला तो 1895 साली. रेषा पाहून मूलद्रव्य ओळखण्याची विद्या अशी भक्कम उभी होती, पण अणू अशा ठरावीकच रेषा का देतो हे कोणालाही ठाऊक नव्हते. हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि चारही तासिका संपेपर्यंत पुसू नये.

डाल्टन आणि थॉमसन

डाल्टनवर फार वेळ घालवू नये. 1808 साली ग्रंथरूपाने मांडलेला त्याचा अणू म्हणजे भरीव, न फुटणारा गोळा. रासायनिक संयोगातील वजनांची प्रमाणे त्याने उत्तम समजतात, पण अशा गोळ्याच्या आत काहीच नसल्यामुळे रेषेचा प्रश्न त्याला विचारताच येत नाही.

1897 साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत थॉमसनने दाखवून दिले की ऋणकिरण हे ऋणप्रभारित कणांचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे, बनलेले असतात, ते कण कोणत्याही धातूतून व कोणत्याही वायूत सारखेच निघतात आणि हायड्रोजनच्या अणूहून कितीतरी हलके असतात. आज आपण हा हलकेपणा सुमारे 1/1837 असा सांगतो. अणूत ऋणप्रभार आहे आणि अणू एकंदरीत उदासीन आहे, तर तेवढाच धनप्रभारही असलाच पाहिजे. तो कोठे आहे हे माहीत नसताना थॉमसनने तो सगळ्या अणूभर सारखा पसरला. पाठ्यपुस्तकात या प्रारूपाला प्लम पुडिंग म्हटले आहे, पण आपल्या मुलांनी ते पुडिंग कधी पाहिलेले नसते. त्याऐवजी टरबूज कापावे: लाल गर म्हणजे पसरलेला धनप्रभार आणि बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. मात्र टरबूज खाऊन झाल्यावर एक दुरुस्ती अवश्य सांगावी. 1904 साली थॉमसनने मांडलेल्या प्रारूपातील इलेक्ट्रॉन बियांसारखे रुतून बसलेले नव्हते, तर त्या धनप्रभाराच्या आत कड्यांमध्ये फिरत होते. थॉमसन हा कच्चा विचार करणारा माणूस होता आणि रदरफोर्डने त्याला खोटे पाडले, अशी समजूत मुलांची होऊ देणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या हाती जेवढा पुरावा होता तेवढ्याला धरून त्याने हे प्रारूप केले होते.

रदरफोर्ड: कुटार आणि गोटा

रदरफोर्डच्या प्रयोगाची आकृती काढण्याआधी तो अंगणात खेळून घ्यावा. सपाट जमिनीवर दोन हात रुंदीचे दोन पुठ्ठे विटांवर असे ठेवावेत की खालून कंचा (काचेची गोटी) आरपार जाईल, पण आत काय आहे हे दिसणार नाही. एका पुठ्ठ्याखाली कुटाराचा पातळ थर पसरावा आणि दुसऱ्याखाली मधोमध मुठीएवढा जड गोटा ठेवावा. कोणत्या पुठ्ठ्याखाली काय आहे हे मुलांना सांगू नये. मग पुठ्ठ्याच्या पूर्ण रुंदीवर जागा बदलत प्रत्येकाखालून शंभर वेळा कंचे सोडावेत. किती सरळ गेले, किती वळले आणि किती परत आले याची नोंद दोन मुलांनी करावी.

कुटारातून कंचे थोडे मंदावतात, थोडे भरकटतात, पण परत एकही येत नाही. गोट्याच्या पुठ्ठ्याखालून बहुतेक सरळ निघून जातात, काही वळतात आणि एखाद-दुसरा आल्या वाटेने परत येतो. तो परतणारा कंचा पाहून मुले आपणहून म्हणतात की आत काहीतरी लहान आणि जड आहे. हे वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबावे, आपण सांगू नये.

त्यानंतर मँचेस्टरची हकिगत सांगावी. 1909 साली रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि त्या वेळी जेमतेम विशीतला मार्सडेन हे दोघे धातूंच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा (धनप्रभारित, अतिशय वेगवान कणांचा) मारा करत होते. कण पडद्यावर आदळला की तेथे क्षीण चमक उठे, ती सूक्ष्मदर्शीतून मोजावी लागे आणि त्यासाठी काळोखात बसून आधी डोळे सरावून घ्यावे लागत. थॉमसनचा अणू खरा असता तर इतक्या वेगवान कणांना मागे फिरवण्याजोगे पत्र्यात काहीच नव्हते. तरीही काही कण परतले. 1911 च्या आपल्या लेखात रदरफोर्डने आकडा दिला आहे: सुमारे 0.0004 मिलिमीटर जाडीच्या सोन्याच्या पत्र्यातून जाताना 20,000 पैकी साधारण एक कण सरासरी 90 अंशांनी वळतो. म्हणजे अणूचा जवळजवळ सगळा भार आणि सगळा धनप्रभार मधल्या इवल्याशा जागेत, म्हणजे केंद्रकात, एकवटलेला आहे. कंच्यांचा खेळ येथे अपुरा पडतो, कारण कंचा गोट्यावर आपटतो, तर अल्फा कणाला केंद्रकाचा धनप्रभार न शिवताच दूर लोटतो.

ही ‘इवलीशी जागा’ किती लहान आहे हे पायांनी मोजलेले बरे. हायड्रोजनचे केंद्रक चार मिलिमीटरच्या ज्वारीच्या दाण्याएवढे मानले तर त्याच प्रमाणात हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे अडीचशे मीटर होतो, म्हणजे बारा एकरांच्या आसपासचे गोल शेत. शाळेशेजारच्या मोकळ्या वावरात मधोमध एका मुलाला तळहातावर दाणा घेऊन उभे करावे आणि बाकीच्यांनी सगळ्या दिशांना सव्वाशे मीटर चालत जावे. मागे वळून पाहिल्यावर दाणा तर सोडाच, तो धरणारा मुलगाही लहान दिसतो.

एवढे झाल्यावर या प्रारूपातील खोट दाखवावी. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सतत दिशा बदलतो, आणि अशा प्रभारित कणाने ऊर्जा उत्सर्जित करत राहिले पाहिजे, असे त्या काळचे सिद्ध भौतिकशास्त्र सांगत होते. मग तो घिरट्या घालत एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी काळात केंद्रकात पडायला हवा, आणि पडता पडता त्याने सलग पट्ट्यासारखा प्रकाश द्यायला हवा. पण अणू टिकून आहेत आणि पेटीतील रेषा सुटी आहे. फळ्याच्या कोपऱ्यातील प्रश्नाकडे या वेळी बोट दाखवावे.

बोर: विहिरीतला दोर

1912 साली तरुण नील्स बोर मँचेस्टरला रदरफोर्डकडे आला आणि 1913 साली त्याने आपले तीन लेख प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे की इलेक्ट्रॉनला कोणत्याही कक्षेत राहण्याची मुभा नसते, काही ठरावीक स्थायी अवस्थांतच तो राहू शकतो. तेथे असताना तो ऊर्जा उत्सर्जित करत नाही. आणि वरच्या अवस्थेतून खालच्या अवस्थेत येताना दोहोंतील ऊर्जेच्या फरकाएवढा प्रकाशाचा एकच पुंज (पुडका) बाहेर टाकतो. हायड्रोजनसाठी या ऊर्जा −13.6, −3.4, −1.51, −0.85, −0.54 आणि −0.38 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या मापाचे ऊर्जेचे एकक) अशा येतात.

मुले अडखळतात ती ऋण चिन्हापाशी. −13.6 ही ऊर्जा −3.4 पेक्षा कमी कशी, हे सांगून कळत नाही, पण विहीर दाखवली की कळते. विहिरीचा काठ म्हणजे शून्य. काठावर आलेला इलेक्ट्रॉन अणूच्या ताब्यातून सुटला. बकेट जितकी खोल, तितकी ती वर काढायला मेहनत जास्त. सर्वांत खाली असलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर काढायला 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात.

ही विहीर वर्गात दोराने उभी करावी. एका इलेक्ट्रॉनव्होल्टला 10 सेंटिमीटर हे प्रमाण धरून दीड मीटरचा सुती दोर खिडकीच्या वरच्या कडेला टांगावा. वरच्या टोकापासून 136, 34, 15.1, 8.5, 5.4 आणि 3.8 सेंटिमीटरवर रंगीत चिंध्या बांधाव्यात. दोरालाच गाठी मारू नयेत, कारण प्रत्येक गाठीत दोर आखडतो आणि मापे चुकतात. आमचा पहिला दोर यामुळेच वाया गेला. टांगलेला दोर पाहताच मुलांच्या लक्षात येते की खालच्या दोन चिंध्यांमध्ये मीटरभराचे अंतर आहे आणि वरच्या चिंध्यांची दाटी होत गेली आहे. पाठ्यपुस्तकातील सारख्या अंतरावरच्या वर्तुळांनी झालेला गैरसमज येथे आपोआप सुटतो.

आता मोजपट्टी मुलांच्या हाती द्यावी. खालून मोजता तिसऱ्या चिंधीपासून दुसरीपर्यंतचे अंतर 18.9 सेंटिमीटर, म्हणजे 1.89 इलेक्ट्रॉनव्होल्ट. या मापांत प्रकाशाची ऊर्जा आणि तरंगलांबी यांचा गुणाकार 1240 येतो, म्हणून 1240 ला या संख्येने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: 656. चौथीपासून दुसरीपर्यंत 2.55, म्हणून 486. पाचवीपासून 2.86, म्हणून 434. सहावीपासून 3.02, म्हणून 411. भागाकार मुलांनीच करावेत. सगळ्यांची उत्तरे फळ्यावर आल्यावर शेजारी हायड्रोजनच्या प्रत्यक्ष मोजलेल्या दृश्य रेषा लिहाव्यात: 656.3, 486.1, 434.0, 410.2. एखाद्या नॅनोमीटरचा फरक आपण आकडे जवळच्या मापात घेतल्यामुळे पडतो. बाझेलमधील बाल्मर नावाच्या एका शाळामास्तराने 1885 साली या चार रेषांना एका सूत्रात गुंफले होते, पण ते सूत्र का लागू पडते हे त्याला सांगता येत नव्हते; बोरच्या लेखांनी ते अठ्ठावीस वर्षांनी सांगितले. शाळेत शिकवणाऱ्या माणसाचे हे काम वर्गात सांगताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

हुशार मूल विचारतेच, ‘सर, पहिल्या चिंधीपर्यंत उडी मारली तर?’ ते अंतर 102 सेंटिमीटर, म्हणजे 10.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि सुमारे 122 नॅनोमीटर: अतिनील, डोळ्याला न दिसणारे. चौथीपासून तिसरीपर्यंतची उडी याउलट इतकी लहान आहे की ती अवरक्तात जाते. पेटीतील सोडियमची रेषा हायड्रोजनच्या दोरावर शोधू नये. सोडियमची विहीर वेगळी, तिच्या पायऱ्या वेगळ्या, आणि 589 नॅनोमीटर म्हणजे तिच्यातील सुमारे 2.1 इलेक्ट्रॉनव्होल्टची उडी. अशा पायऱ्या प्रकाशाशिवायही जाणवतात हे फ्रांक आणि हर्ट्झ यांनी 1914 साली दाखवले: पाऱ्याच्या वाफेतून जाणारे इलेक्ट्रॉन 4.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा एकदम गमावतात, त्याहून कमी नाही.

कवचांची धारणक्षमता, 2n² हे सूत्र (n म्हणजे कवचाचा क्रमांक), सोडियमचे 2, 8, 1 हे संरूपण, हे सगळे यानंतर एका तासिकेत होते. K, L, M या कवचांच्या नावांची K पासूनच सुरुवात का, A पासून का नाही, असे कोणी विचारले तर सांगावे की ही अक्षरे क्ष-किरणांवर काम करणाऱ्या बार्कलाने दिली आणि याहून अधिक भेदक किरणही सापडतील या अपेक्षेने त्याने आधीची अक्षरे मोकळी ठेवली होती. तसे काही सापडले नाही.

शेवटच्या तासिकेत बोरच्या प्रारूपाची मर्यादा न चुकता सांगावी, कारण दोराची आकडेमोड इतकी चपखल जुळते की मुले तेच अंतिम सत्य मानून बसतात. दोन इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशीच हे गणित जुळेनासे होते. कक्षांची कल्पना 1926 नंतर श्रोडिंगरच्या समीकरणापुढे टिकली नाही. टिकल्या त्या ऊर्जापातळ्या, म्हणून वहीत वर्तुळांच्या शेजारी दोराचे चित्रही काढून घ्यावे. आणि आपल्या पेटीत दिसलेली मिठाची ती एक रेषा खरे तर दोन रेषा आहेत, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या. आपली फट रुंद असल्यामुळे त्या एकमेकींत मिसळून दिसतात. त्या दोन का आहेत याचे उत्तर बोरच्या प्रारूपात नाही. ते 1925 साली मांडल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या कल्पनेतून मिळाले. फळ्याच्या कोपऱ्यातील जुना प्रश्न आता पुसावा आणि त्या जागी हे दोन आकडे लिहून ठेवावेत.